उंबरठ्याचा आकडा

चैत्रालीचं सैन्य जिंकत होतं, आणि जिंकता जिंकताच ते पळून गेलं.

तिने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. उजव्या बगलेला तिचं बाराशे पायदळ होतं. त्यातली नऊ माणसं पडली होती. समोरच्या फौजेची दोनशेच्या वर पडली होती. दाणागोटा भरपूर, घोडी ताजी, खिंडीची वरची बाजू तिच्याच ताब्यात. मग समोरून तोफेचा एक गोळा आला आणि टेकडीवर आदळून फुटला. तो कुणाला लागलाही नाही. पण पाच मिनिटांत उजवी बगल रिकामी झाली. बाराशे माणसं ढाली-भाले टाकून ओढ्याच्या दिशेने धावत सुटली होती.

ही गोष्ट २०५४ सालातली. चैत्राली पारकर तेव्हा बारा वर्षांची होती आणि खाडीकाठच्या पांढरवाळ नावाच्या गावात राहत होती. ‘रणपट’ हा तिचा सगळ्यात आवडता संगणकखेळ. त्यातल्या लढाया काल्पनिक होत्या, पण सैन्यं साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची, मोजूनमापून बनवलेली. घोडं किती कोस चाललं की थकतं, पावसात भिजलेली बंदुकीची दारू कशी पेटत नाही, सेनापतीचा हुकूम बगलेपर्यंत पोचायला हरकाऱ्याला (निरोप घेऊन धावणाऱ्या माणसाला) किती वेळ लागतो, हे सगळं त्यात हिशेबात धरलेलं असे. म्हणूनच तो खेळ चैत्रालीला आवडायचा. हरलं तरी का हरलो ते त्यात शोधून काढता यायचं.

या वेळी मात्र काही केल्या सापडेना.

तिने आपले सगळे हुकूम वहीत उतरवून ठेवले होते. तीच लढाई तिने पुन्हा लावली आणि वहीत बघून तेच हुकूम, त्याच क्रमाने, त्याच वेळी दिले. गोळा आला, फुटला. एक सैनिक पळाला. बाकीचे जागच्या जागी उभे राहिले आणि संध्याकाळी चैत्राली लढाई जिंकली. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने तिसऱ्यांदा लढाई लावली. तेच हुकूम, तोच गोळा. या वेळी पुन्हा सगळे पळाले.

मग तिने वही उचलली आणि आत्याकडे गेली.

तिची आत्या, डॉ. विशाखा पारकर, माणसांच्या गर्दीचं गणित मांडणारी शास्त्रज्ञ होती. रणपटमधल्या सैनिकांची मनं तिनेच लिहिली होती. दोन वर्षांपूर्वी ती शहरातलं काम सोडून गावी परतली, ती गावात वादळकेंद्र उभं करायला. समुद्रात दूरवर तरंगणारी यंत्रं पाण्याची उंची आणि वाऱ्याचा वेग दर मिनिटाला कळवत, आणि टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या केंद्रात आत्या ते आकडे वाचत बसे.

“आत्या, तुझ्या खेळात चूक आहे,” चैत्राली म्हणाली.

“कुठे?”

“मी तेच हुकूम दिले. तेवढीच माणसं, तीच जागा. एकदा पळतात, एकदा उभी राहतात. माझे सैनिक शूर आहेत की भित्रे, तेवढं तरी सांग.”

आत्याने वहीतली पानं शांतपणे वाचली. “हुकूम बरोबर आहेत. तुझा प्रश्न चुकतोय.”

चैत्राली आणखीच गोंधळली. प्रश्न कसा चुकतो, ते तिला कळेना.

आत्याने खेळाच्या आतली एक खिडकी उघडली. तिथे प्रत्येक सैनिक एका ठिपक्यासारखा दिसत होता आणि प्रत्येक ठिपक्यावर एक आकडा होता.

“माणूस घाबरला की लगेच पळत नाही,” आत्या सांगू लागली. “तो आधी आजूबाजूला बघतो. बाकीचे उभे आहेत ना? मग तोही उभा राहतो. पण बाकीचे पळायला लागले, तर किती जण पळाले की आपणही पळायचं, याचा एक आकडा प्रत्येकाच्या मनात असतो. कुणाचा दोन, कुणाचा चाळीस. त्या आकड्याला आम्ही उंबरठा म्हणतो. (उंबरठा म्हणजे जितके जण पुढे गेलेले दिसले की माणूस आपला निर्णय बदलतो, तो आकडा.) आता शंभर जणांचं एक पथक घेऊ. पहिल्याचा उंबरठा शून्य. म्हणजे कुणी पळो न पळो, गोळा फुटला की तो पळणार. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्याण्णव. सांग, काय होईल?”

चैत्रालीने बोटं मोजत विचार केला. “शून्यवाला पळेल.”

“पळाला. किती गेले?”

“एक. मग ज्याचा आकडा एक आहे, तो पळेल. मग दोन गेले, म्हणून दोनवाला पळेल. मग तीनवाला.” ती थांबली. “सगळे पळतील.”

“बरोबर. आता मी फक्त एका माणसाचा आकडा बदलते.” आत्याने ‘एक’ हा आकडा असलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि त्याचा दोन केला. “बाकी नव्याण्णव जण होते तसेच. आता?”

“शून्यवाला पळेल. एक गेला. मग एकवाला…” चैत्रालीने पडद्यावर शोधलं. “एकवाला कुणी नाहीच. दोनवाले दोघे आहेत, पण त्यांना दोन जण गेलेले दिसायला हवेत. गेलाय एकच.” तिने आत्याकडे पाहिलं. “म्हणजे बाकी नव्याण्णव जण उभेच राहतील?”

“राहतील.”

“एका माणसामुळे?”

“एका माणसाच्या आकड्यात एकाची भर पडल्यामुळे. पहिल्या पथकातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज केलीस तर चार हजार नऊशे पन्नास येईल. दुसऱ्या पथकाची चार हजार नऊशे एक्कावन्न. बघणारा म्हणेल, पहिलं पथक भित्रं, दुसरं शूर. पण माणसं जवळजवळ तीच आहेत.”

“मग माझी लढाई दर वेळी वेगळी का झाली? मी तर कुणाचा आकडा बदलला नाही.”

“सैनिकाला पूर्ण फौज दिसत नाही. त्याला शेजारचे दहा-वीस जण दिसतात. आणि लढाई सुरू होताना कुणाच्या शेजारी कोण उभं राहील, ते हा खेळ दर वेळी नव्याने ठरवतो. एकदा शून्यवाल्याच्या शेजारी एकवाला आला की लोंढा सुरू होतो. नाही आला तर तिथेच थांबतो.”

चैत्राली घरी निघाली तेव्हा तिला समजल्यासारखं वाटत होतं आणि न समजल्यासारखंही. तिला वाटायचं, शूरपणा हा माणसाच्या आत असतो, दंडातल्या ताकदीसारखा. आत्या तर म्हणत होती की अर्धा शूरपणा शेजारच्या माणसात असतो. रात्री जेवताना तिने बाबांना विचारलं, “बाबा, तुम्ही लढाईत असता, तर किती जण पळाल्यावर पळाला असता?”

दिगंबर पारकर खाडीवर होडी घालणारा, रुंद खांद्यांचा माणूस. “मी?” ते म्हणाले. “मी कशाला पळतोय?”

चैत्रालीने ते उत्तर वहीत लिहिलं नाही. ते कसं लिहायचं, तेच तिला कळलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी दहा वाजता, केंद्राचा भोंगा वाजला.

समुद्रातल्या यंत्रांनी कळवलं होतं की वादळ वळून थेट किनाऱ्याकडे येतंय. संध्याकाळी सातपर्यंत खाडीचं पाणी खालच्या आळीत शिरणार होतं. खालच्या आळीत एकतीस घरं होती, चैत्रालीचंही त्यातच. तिथल्या सगळ्यांनी टेकडीवरच्या निवाऱ्यात जायचं होतं, आणि निवाऱ्याच्या वाटेवरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) चार वाजताच पाण्याखाली जाणार होता.

शाळेने मुलांना लवकर सोडलं होतं. चैत्राली धावत केंद्रात गेली. आत्यासमोरच्या पडद्यावर तीन ओळी होत्या. निरोप पोचलेली घरं, एकतीस. ‘निघतो’ असं उत्तर दिलेली घरं, एकतीस. प्रत्यक्ष निघालेली घरं, एक.

“अकरा वाजत आले,” आत्या म्हणाली. “सगळे निघतो म्हणतात आणि कुणीच निघत नाही. मला इथून हलता येत नाही, दर मिनिटाला आकडे बदलतायत.”

चैत्रालीने काचेतून खाली पाहिलं. जे एक घर निघालं होतं ते सिस्टर फिलोमिनाचं. ती आरोग्यकेंद्रात उन्हाळ्यात बदली होऊन आलेली परिचारिका होती. हातात पिशवी घेऊन ती एकटीच चढावर चालली होती. आणि आळीतली माणसं आपापल्या ओट्यांवर उभी राहून तिला बघत होती. नंतर त्यांनी एकमेकांच्या दारांकडे पाहिलं. दारं बंद झाली नव्हती, कुणाच्या डोक्यावर ट्रंक नव्हती. मग ती माणसं तशीच उभी राहिली.

खेळातली माणसं थांबायचं तिथे पळाली होती, आणि ही खरी माणसं निघायचं तिथे थांबली होती. हे तर अगदी उलट होतं. पण उलट असून ते ओळखीचं का वाटत होतं? एक गेला आणि पुढे कुणीच गेलं नाही, हे तिने नुकतंच कुठेतरी पाहिलं होतं.

“आत्या,” ती सावकाश म्हणाली, “हे दुसरं पथक आहे. एकवाला कुणी नाहीये.”

आत्याने मान वर केली. “मी हे यंत्राला शिकवलं,” ती म्हणाली, “आणि माझ्याच गावात माझ्या ध्यानात आलं नाही. पण चैतू, खेळात आकडे दिसतात. माणसांचे कसे दिसणार?”

“विचारू?”

आत्याने घड्याळ पाहिलं. “साडेबारापर्यंत. त्यानंतर जिथे असशील तिथून परत यायचं.”

चैत्राली वही घेऊन आळीत उतरली. प्रत्येक ओट्यावर ती एकच प्रश्न विचारत होती. “किती घरं निघालेली दिसली की तुम्ही निघाल?”

कुणी हसलं. कुणी म्हणालं, “निघतोच आहोत की,” आणि खाली बसलं. कुणी विचार करून सांगितलं, “चार-सहा घरं निघू देत.” एकाने सांगितलं, “निम्मी आळी गेली की मी गेलो समज.” शेवटच्या घरातले हरबातात्या ऐंशीच्या पुढचे. त्यांनी सांगितलं की सगळं गाव गेलं तरी ते जाणार नाहीत, आणि हे लिहून घे. तिने लिहून घेतलं.

तुळसाकाकू सुकी मासळी विकत. त्यांच्या दारात पेटी बांधून तयार होती. चैत्रालीला वाटलं, इथे सापडला एक. पण काकू म्हणाल्या, “दोन. दोन घरं जाऊ देत पुढे.”

“पण काकू, तुमची पेटी तर बांधलेली आहे.”

“बांधलीय ना. दोन वर्षांपूर्वी भोंगा वाजला तेव्हा मी पहिली निघाले होते, एकटी. वादळ गेलं वर उत्तरेला. दुसऱ्या दिवशी परत आले तर सगळी आळी हसत होती. अजून मला वादळकाकू म्हणतात. आता पहिली नाही आणि दुसरीही नाही.”

चैत्रालीने दोन लिहिला. तिच्या मनात आणखी एक गाठ पडली. म्हणजे काकूंचा आकडा आधी शून्य होता. हसण्याने तो दोन झाला. आकडे असे बदलतात, हे आत्याने सांगितलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी ती आपल्या घरी गेली. बाबा होडी ओढून माडाला बांधत होते. त्यांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, “दोन घरं निघू देत, मग बघू.”

ती ओट्यावर बसली आणि तिने सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले. शून्य. दोन, दोन, दोन. तीन. चार, चार. सहा, सहा. सात. तिथून पुढे हरबातात्यांपर्यंत ओळ कुठेही तुटत नव्हती. तुटत होती ती फक्त सुरुवातीला. शून्याच्या पुढे एक नव्हता.

दुपारचे बारा वाजून गेले होते. खाडीचं पाणी गढूळ झालं होतं आणि धक्क्याच्या दोन पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. तिने कागद बाबांपुढे धरला आणि आकडे काय सांगतात ते समजावलं. तिला वाटलं होतं, बाबा हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला.

“हे खरं कशावरून?”

“मला नाही माहीत, बाबा. लोकांनी सांगितलं ते मी लिहिलं. कुणी खोटंही सांगितलं असेल.”

“आणि माझा दोनाचा एक केला, तर हे सगळे निघतील?”

“कागदावर तरी निघतात.”

बाबा खालच्या आवाजात म्हणाले, “तुळसावहिनीला ते नाव मीच ठेवलं होतं, चैतू. वादळकाकू. मजेत म्हणालो आणि आळीभर झालं. आज सकाळपासून माझ्या मनात तेच आहे. मी निघालो आणि पाणी आलंच नाही, तर मला काय म्हणतील?”

उधाणात होडी घालणारे बाबा पाण्याला भीत नव्हते. ते हसण्याला भीत होते. हे चैत्रालीला फार विचित्र वाटलं. ती एवढंच म्हणाली, “मला काही म्हटलं तरी चालेल. मी येते तुमच्याबरोबर.”

बाबा आत गेले. आई आधीच कपडे बांधून बसली होती. त्यांनी ट्रंक डोक्यावर घेतली आणि मागच्या पायवाटेने न जाता ते मुद्दाम आळीच्या मधल्या रस्त्याने निघाले. तुळसाकाकूंच्या दाराशी ते थांबले.

“वहिनी, मी निघालो. ते नाव ठेवलं ते चुकलंच माझं. हसायचं असेल तर आता हसून घ्या.”

“हसायला वेळ कुठाय,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी कुलूप लावलं.

त्यांच्या मागोमाग आणखी एक घर निघालं. मग समोरचं. चैत्राली वहीत खुणा करत चालली होती, पण खुणा काही नीट जुळेनात. चार म्हणणारं एक घर तीनलाच निघालं. सहा म्हणणारं एक घर नऊ घरं गेली तरी हललं नाही. त्यांची मुलगी शेजारच्या आळीतून धावत आली, तेव्हा ते हललं. कागदावर ओळ सरळ होती. रस्त्यावर ती वाकडीतिकडी, अडखळत, पण चालत होती. दोन वाजता रस्ता भरून गेला. केंद्राची चार पायांची यंत्रखेचरं (ओझं वाहणारी चालती यंत्रं) म्हाताऱ्यांच्या गाद्या पाठीवर घेऊन चढाव चढू लागली.

साडेतीनला साकवावर पाणी लागलं. तीस घरं पलीकडे पोचली होती. आत्या केंद्रातून धावत आली आणि खालच्या वाटेकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात काठी टेकत हरबातात्या आले. त्यांनी खेचरावर बसायला नकार दिला.

“तुम्ही तर येणार नव्हता,” चैत्राली म्हणाली.

“नाही म्हणायला तरी समोर कुणी हवं ना,” तात्या कुरकुरले. “आळीत कुत्रं उरलं नाही.”

वादळ आलं. पाणी खालच्या आळीत खिडक्यांपर्यंत चढलं. तीन घरांच्या भिंती गेल्या, दोन होड्या फुटल्या. पण दुसऱ्या दिवशी निवाऱ्यात माणसं मोजली, तेव्हा एकही कमी नव्हतं.

चैत्राली मात्र अजून गोंधळलेलीच होती. निवाऱ्याच्या पायरीवर तिने आत्याला विचारलं, “लोक माझ्या कागदामुळे निघाले का? की बाबा निघाले म्हणून? की पाणी वाढताना दिसलं म्हणून? आणि आकडे चुकले, ते का?”

“मला माहीत नाही,” आत्या म्हणाली. “एका वादळावरून ते सांगता येणार नाही. एवढंच कळलं की नुसता भोंगा पुरत नाही. भोंगा सगळ्यांना एकदम सांगतो, पण माणसं एकामागून एक निघतात. त्या साखळीत कुठली कडी नाही, ते आपण आधी शोधलं पाहिजे, वादळ यायच्या आधी.”

“आणि याच साखळीतून अफवा पसरली तर?”

“तर तीही अशीच पसरेल. साखळीला चांगलं-वाईट कळत नाही. म्हणून तर ती नीट समजून घ्यायची.”

त्या हिवाळ्यात खाडीकाठच्या बारा गावांनी ठरवलं की शांत हवेतच घराघरांत हा प्रश्न विचारायचा. वादळकेंद्राची माणसं निघाली आणि सुट्टीच्या दिवशी चैत्रालीही त्यांच्याबरोबर पलीकडच्या तीरावर गेली. पहिल्याच घरात एक बाई जाळं विणत बसली होती. चैत्रालीने नवी वही उघडून विचारलं, “मावशी, भोंगा वाजला तर किती घरं निघाल्यावर तुम्ही निघाल?”

बाईने हातातली सुई थांबवली. “मी कशाला घरं मोजू? ते समोरचं निळं दार दिसतंय ना, तिथे माझी बहीण राहते. गाव गेलं तरी मी हलणार नाही. पण ती एकटी निघाली, तर मी तशीच निघेन.”

चैत्राली वहीकडे बघत राहिली. तिथे आकड्यासाठी रकाना होता, बहिणीसाठी नव्हता. मागे आत्याने सैनिकाला शेजारचे दहा-वीस जण दिसतात असं सांगितलं होतं. त्या दहा-वीस जणांतला एकच कुणीतरी महत्त्वाचा असेल तर काय करायचं, ते तिने सांगितलं नव्हतं. कदाचित अजून कुणालाच माहीत नसेल.

तिने पट्टी घेतली, पानावर आणखी एक रेघ ओढली आणि नव्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, ‘कुणाकडे बघतात?’

“बहिणीचं नाव काय, मावशी?” तिने विचारलं.